भूक एक, खाती अनेक!

दिवाळीचे दिवे मालवतात न मालवतात तोच जव्हार, मोखाडा आणि विक्रमगड या डोंगरी तालुक्यांतील पाड्यांना कुलुपे लागू लागतात. 'कुलुपे' हा शब्द आम्ही अलंकारिक अर्थाने वापरीत आहोत; कारण कुडाच्या झोपडीला कुलूप घालून राखावे असे आत काही नसते. वारली, कातकरी, ठाकूर कुटुंबे बायकामुलांसह, चार भांडी आणि दोन कोंबड्या घेऊन ट्रकमध्ये चढतात आणि भिवंडी, कल्याण, वसईकडील वीटभट्ट्यांची वाट धरतात. आषाढ-श्रावणात घरातील दाणा संपला तेव्हा भट्टीमालकाकडून जी उचल घेतलेली असते, ती आता अंगमेहनतीने फेडावयाची असते. होळीला चार दिवस घराचे तोंड पाहावयाचे, पुन्हा भट्टीवर जावयाचे आणि मृगाच्या तोंडावर परतावयाचे, असा हा वर्षाचा क्रम आहे. मुंबई शहराला पाणी पुरविणारे मध्य वैतरणा धरण ज्या मोखाडा तालुक्यात २०१४ साली उभे राहिले, त्याच तालुक्यात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. हे सारे राजधानीपासून दीडशे किलोमीटरांच्या आतबाहेर घडते. दंडकारण्याच्या अंतर्भागात नव्हे.

येथे शासन पोहोचलेलेच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. आमची तक्रार नेमकी उलट आहे. येथे शासन एकदा नव्हे, आठदा पोहोचले आहे! या ट्रकमधील एकाच कुटुंबाकडे पाहा. कडेवरच्या मुलाचे वजन करणारी अंगणवाडी सेविका महिला व बालविकास खात्याची. त्याच मुलाला लस टोचणारी परिचारिका आरोग्य खात्याची. थोरली मुलगी आश्रमशाळेत असेल तर ती आदिवासी विकास खात्याच्या पटावर. मधला मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल तर तो शिक्षण विभागाच्या पटावर. बापाने काम मागितले तर रोजगार हमीची यंत्रणा. पण काम काढावयाचे ते वन, कृषी किंवा बांधकाम खात्याने. शिधा पुरवठा खात्याचा. वर्षानुवर्षे कसत असलेल्या वनजमिनीचा दावा उपविभागीय अधिकाऱ्याकडे. भट्टीवर मजुरी बुडाली तर दाद मागावयाची कामगार खात्याकडे, आणि उचलीपायी माणूस वेठीला धरला गेला तर १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली पुन्हा महसूल अधिकाऱ्याकडे. प्रत्येक खात्याची योजना आहे, तरतूद आहे, नोंदवही आहे आणि वर्षअखेरीस शासनाला सादर करावयाचा खर्चाचा तक्ताही आहे. नाही तो एवढाच, की या कुटुंबाचे काय झाले हे सांगू शकेल असा एकही अधिकारी या साऱ्या व्यवस्थेत नाही. बारभाईची खेती, काय लागेल हाती, असे आपले पूर्वज उगाच म्हणून गेले नाहीत.

दारिद्र्य खातेनिहाय येत नसते. भातकापणी संपल्यावर गावात काम निघाले नाही, म्हणून कुटुंब भट्टीवर जाते. भट्टीवर गेले, म्हणून मूल अंगणवाडीच्या आहाराला आणि लसीला मुकते. आई सकाळपासून चिखल तुडवीत असते, म्हणून तान्ह्याला वेळेवर दूध मिळत नाही. त्याचे वजन घटते. पावसाळ्यात परत आल्यावर त्याला हगवण किंवा न्यूमोनिया गाठतो, आणि मग जुलै-ऑगस्टात आरोग्य खात्याच्या दप्तरात एका बालमृत्यूची नोंद होते. या मृत्यूचे कारण वैद्यकीय अधिकारी न्यूमोनिया असे लिहितो आणि त्याच्या परीने ते खरेही असते. पण त्या मृत्यूचा आरंभ आदल्या वर्षीच्या कार्तिकात, एखाद्या दप्तरात अडकून पडलेल्या कामाच्या अंदाजपत्रकापाशी झालेला असतो, हे कोणत्या रकान्यात लिहावयाचे?

याहून बोलके उदाहरण आहे. एखादे मूल तीव्र कुपोषित आढळले तर त्याला सुमारे दोन आठवडे पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवावे, असा उपचार ठरलेला आहे आणि तो योग्यच आहे. त्या मुलाजवळ आईने राहिले पाहिजे. तिच्या बुडीत मजुरीची भरपाई देण्याची सोयही शासनाने केली आहे. परंतु भट्टीवर मजुरी मिळते ती हजार विटांच्या हिशेबाने, नवराबायको मिळून. आई उठली की जोडी मोडते. जोडी मोडली की केवळ तिचीच नव्हे, नवऱ्याचीही मजुरी बुडते आणि उचल अंगावर राहते. शिवाय मागे आणखी दोन मुले असतात, त्यांना कोणी सांभाळावयाचे? ती बाई जावयास नकार देते. आरोग्य खाते म्हणते, आम्ही खाट दिली होती. बालविकास खाते म्हणते, आम्ही मूल शोधून दिले होते. कामगार खात्याला अशी काही घटना घडली याची गंधवार्ताही नसते. प्रत्येकाने आपले कर्तव्य केलेले असते आणि मूल भट्टीवरच राहिलेले असते.

आणखी एक चमत्कार असा की, या स्थलांतरामुळे कागदावरचे कुपोषण कमी होते! पाड्यावरील सर्वांत दरिद्री कुटुंबे निघून गेली की त्यांची मुले वजन घेतलेल्यांच्या यादीत राहत नाहीत; मागे राहतात ती तुलनेने बऱ्या घरची. मग टक्का सुधारतो. नोंदींची ही अवस्था आजची नाही. डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल प्रसिद्ध करून, प्रत्यक्षात मरणारी बालके आणि सरकारी दप्तरात मरणारी बालके यांतील तफावत राज्यापुढे मांडली. त्यानंतर शासनाने डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली, हे त्या वेळच्या शासनाला भूषणावह होते. परंतु आरोग्य आणि बालविकास ही दोन खाती एकाच मुलासाठी दोन वह्या ठेवतात आणि त्या दोन वह्या एकमेकींशी जुळत नाहीत, ही स्थिती त्यानंतरही संपली नाही.

'समन्वय' हा शब्द आपल्या राज्यकर्त्यांना अपरिचित नाही; किंबहुना तो त्यांना फार प्रिय आहे. १९५२ सालच्या २ ऑक्टोबरला समूह विकास योजना सुरू झाली तेव्हा गटविकास अधिकारी हाच सर्व खात्यांचा गावपातळीवरील संगम होईल, असे सांगण्यात आले होते. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हा विकासाची सूत्रे एका लोकनियुक्त संस्थेकडे जातील अशी आशा होती. पण जिल्हाधिकारी त्या रचनेच्या बाहेर राहिला आणि महसूल एकीकडे, विकास दुसरीकडे अशी फाळणी कायम झाली. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्राची मान खाली गेली. त्यानंतर जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्याचे कार्यालय आले. १९९५ साली नवसंजीवन योजना आली. आरोग्य, पोषण, धान्य, पाणी आणि रोजगार या सर्वांची आदिवासी भागात एकत्र गुंफण करावी, जिल्हाधिकाऱ्याने दर महिन्याला बैठक घ्यावी, असा तिचा आशय होता. कागदावर तिच्यात उणे काढावे असे फारसे काही नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. शासन जवळ आले. आणि २०१६ साली मोखाड्यातील बालमृत्यूंवरून पुन्हा तोच आक्रोश उठला, मंत्र्यांचे दौरे झाले आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने राज्य शासनाला जाब विचारला. चोवीस वर्षांत कार्यालये वाढली, बैठका वाढल्या. पण बैठकीच्या टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याची बढती, बदली आणि तरतूद या तिन्ही दोऱ्या मंत्रालयातील निरनिराळ्या मजल्यांवरच राहिल्या. ज्याच्या हाती दोरी नाही त्याने बैठकीचे अध्यक्षस्थान भूषवावे आणि इतिवृत्त लिहवून घ्यावे, याला समन्वय म्हणत असतील तर आम्हांस त्या शब्दाचा अर्थ नव्याने शिकावा लागेल.

हे असेच चालावयाचे, असा जर कोणाचा समज असेल तर महाराष्ट्राचा इतिहासच त्याला खोटे पाडील. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग सुरू झाला. १९७२ च्या भीषण दुष्काळात राज्याने लाखो हातांना काम दिले. पुढे त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, न दिल्यास बेकारीभत्ता! देशाने २००५ साली जो कायदा केला त्याची मुळे येथे आहेत, हे सर्वश्रुत आहे. कमी सांगितली जाते ती त्यामागची कारभाराची युक्ती. पाटबंधारे, बांधकाम, वन, मृदसंधारण ही खाती आपापल्या जागी राहिली. परंतु रोजगार हमीपुरती ती जिल्हाधिकाऱ्याच्या हाताखालची कार्यकारी यंत्रणा ठरली. मजुरांची मागणी तहसीलदाराकडे यावयाची, कामांचा आराखडा तयार ठेवावयाचा, आणि पैसा जिल्हाधिकाऱ्याच्या हातून सुटावयाचा. अभियंत्याला आवडो वा न आवडो, मजूर दारात उभा राहिला की काम काढणे भाग होते. या योजनेत खोटी मस्टरे निघाली, कामे अर्धवट राहिली, अभियंत्यांनी तिला सावत्र मुलासारखे वागविले, हे आम्ही नाकारीत नाही. पण दुष्काळात महाराष्ट्रात माणसे किड्यामुंगीसारखी मेली नाहीत, त्याचे श्रेय जेवढे पागे यांच्या करुणेला आहे तेवढेच, पैसा आणि हुकूम एका हाती देणाऱ्या त्या रचनेलाही आहे.

या रचनेचा मुंबई-पुण्याच्या पगारदार वाचकाशी अगदी निकटचा संबंध आहे, याचा त्याला बहुधा विसर पडलेला असतो. त्याच्या वेतनपत्रकावर व्यवसाय कराची जी कपात दिसते, वर्षाकाठी जास्तीत जास्त अडीच हजार रुपये, तो कर १९७५ च्या कायद्याने बसविला गेला तो रोजगार हमीसाठी. शहरातील नोकरदाराने खेड्यातील बेकाराच्या कामासाठी दरमहा काही द्यावे आणि तेवढीच भर शासनाने घालावी, असा तो करार होता. अशा कराला महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाने फारशी कुरकुर न करता मान्यता दिली, याचा आम्हांस अभिमान वाटतो. मात्र कर देणाऱ्याला हिशेब विचारण्याचा अधिकार असतो, आणि तो अधिकार या वर्गाने क्वचितच बजावला आहे.

दुसरा दाखला द. म. सुकथनकर समितीचा. १९७५ च्या सुमारास आदिवासी उपयोजना सुरू झाली. परंतु पुष्कळ वर्षे प्रत्येक खाते आपल्या सर्वसाधारण खर्चातील काही रक्कम 'आदिवासींसाठी' म्हणून कागदोपत्री दाखवून मोकळे होत असे. डोंगराच्या पायथ्याशी झालेल्या महामार्गाचा काही हिस्सा आदिवासींच्या नावे लिहिण्याचा तो प्रकार होता! माजी मुख्य सचिव सुकथनकर यांनी सांगितले की लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ९ टक्के, नियोजनाचा पैसा आधीच वेगळा काढा, तो आदिवासी विकास खात्याच्या स्वाधीन करा आणि कोणत्या खात्याकडून कोणते काम करून घ्यावयाचे ते त्या खात्याला ठरवू द्या. १९९३ च्या सुमारास शासनाने हे स्वीकारले आणि नियोजन आयोगाने हा 'महाराष्ट्र पॅटर्न' इतर राज्यांपुढे ठेवला. पैसा मिळाला, तो खर्च करणाऱ्या इतर खात्यांच्या माणसांवर मात्र आदिवासी विकास खात्याची हुकमत चालेना. अर्धी गाठ सुटली, अर्धी राहिली.

तिसरा दाखला ताजा आहे. २००५ साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले. आरोग्य आणि बालविकास या दोन खात्यांना एका दिशेने हाकणे हेच त्याचे काम. त्याने रिकाम्या जागा भरण्याचा आग्रह धरला, मुलांची वजने खरी लिहिण्याचा आग्रह धरला आणि गर्भारपणापासून दोन वर्षांपर्यंतच्या कालखंडावर लक्ष खिळविले. २००५-०६ साली राज्यातील दोन वर्षांखालील ३९ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. २०१२ च्या पाहणीत हे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांवर आल्याचे आढळले. हे सर्व मिशनमुळेच झाले असे म्हणणे धाडसाचे होईल. उत्पन्न वाढले, शिक्षण वाढले, त्यांचाही वाटा आहे. परंतु पुढे काय झाले? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील पाच वर्षांखालील खुज्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ साली ३४.४ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के झाले. वयोगट निराळे असल्याने आधीच्या आकड्यांशी याची सरळ तुलना करू नये. पण या पाच वर्षांत आपण जागच्या जागी थबकलो, हे सांगावयास गणिती लागत नाही. आणि हे, दरडोई उत्पन्नाचा टेंभा मिरविणाऱ्या राज्यात!

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मोखाड्याचे कुटुंब भिवंडीला जाते तेव्हा ते पालघर जिल्ह्यातून ठाणे जिल्ह्यात जाते. एका जिल्हा परिषदेतून दुसऱ्या जिल्हा परिषदेत, जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पातून शहापूरच्या प्रकल्पात जाते. पालघरच्या जिल्हा नियोजन समितीचा पैसा ठाण्यात खर्चता येत नाही. आणि ठाण्याच्या दृष्टीने ही मुले त्यांची नव्हेतच. मात्र नकाशा जरा वरून पाहिला की गंमत दिसते. ठाणे आणि पालघर हे दोन्ही जिल्हे एकाच कोकण विभागीय आयुक्ताच्या कक्षेत आहेत. जव्हार आणि शहापूर हे दोन्ही प्रकल्प ठाण्यातील एकाच अपर आयुक्ताच्या अखत्यारीत आहेत. म्हणजे ज्या पातळीवर हे कुटुंब एकच राहते, ती पातळी शासनाने कधीचीच निर्माण करून ठेवली आहे. वेगळे महामंडळ नको, नवे मिशन नको, बोधचिन्ह आणि उद्घाटन तर नकोच नको. विभागीय पातळीवरील अधिकाऱ्याकडे आपण आजवर पर्यवेक्षण नावाची एक शोभेची वस्तू सोपविली आहे. तिच्या जागी जबाबदारी सोपवा, एवढेच आमचे मागणे आहे.

ही जबाबदारी म्हणजे काय, तेही स्पष्ट सांगतो. दसऱ्यापूर्वी प्रत्येक पाड्याजवळ मंजूर कामे तयार असली पाहिजेत आणि त्यांची मजुरी वेळेवर हातात पडली पाहिजे. कारण जो घरी राहू शकतो त्याला भट्टीवर जाण्याची हौस नसते. तरीही जे जातील त्यांच्यामागे पैसा गेला पाहिजे: अपर आयुक्ताच्या हाती असा निधी हवा जो जिल्ह्याच्या हद्दीला अडखळणार नाही आणि ज्यातून भट्टीवर पाळणाघर, आहार व आरोग्यतपासणी हंगामभर चालेल. महिला व बालविकास खात्याने २०२२ साली स्थलांतरित मातांचा व बालकांचा माग ठेवणारी संगणकीय प्रणाली आणली, ही चांगली गोष्ट झाली. परंतु मूल भिवंडीला गेले हे संगणक सांगेल. भिवंडीच्या भट्टीवर जाऊन त्याला तराजूत घालणारी बाई कोणाच्या हुकमाने जाईल, हे संगणकाने सांगावयाचे नसते. तो हुकूम देणारा आणि तो पाळला न गेल्यास जाब देणारा अधिकारी नावानिशी ठरला पाहिजे. या कामापुरते आरोग्य, बालविकास, वन, कृषी आणि कामगार या खात्यांच्या स्थानिक अधिकाऱ्यांचे गोपनीय अहवाल त्याच्या शेऱ्यावाचून पुरे होऊ नयेत. हा एक नियम केला तरी दहा बैठकांचे काम होईल!

यावर दोन आक्षेप येतील. तांत्रिक खाती म्हणतील की डॉक्टरच्या कामाचे मूल्यमापन महसूल अधिकाऱ्याने का करावे? उपचार कसा केला हे त्याने ठरवू नयेच. मूल उपचारापर्यंत पोहोचले की नाही, एवढे त्याने पाहावे. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे, आणि तो आम्ही झटकून टाकीत नाही. एका नोकरशहाच्या हाती एवढी सत्ता दिल्याने लोकनियुक्त जिल्हा परिषदा आणि ग्रामसभा दुबळ्या होणार नाहीत काय? होतील, जर त्याचा हिशेब केवळ मंत्रालयाकडे जाणार असेल तर. म्हणून तो हिशेब प्रथम ग्रामसभेपुढे वाचला गेला पाहिजे: कार्तिकात किती कुटुंबे गेली, किती राहिली, किती मुले जाताना वजन केली गेली आणि परतल्यावर किती भरली. पेसा कायद्याखालील या गावांच्या ग्रामसभांना असा जाब विचारण्याचे बळ १९९६ पासून दिलेले आहे. त्यांना उत्तर द्यावयास आजवर समोर कोणी एक उभाच राहिला नाही, ही खरी अडचण.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात दरवर्षी बालमृत्यूंवर प्रश्न विचारला जातो. एकेका खात्याच्या नावे तो विचारला जातो आणि एकेका खात्याचा मंत्री आपापल्या आकड्यांनिशी उत्तर देऊन खाली बसतो. ठाणे आणि पालघर या दोन्ही जिल्ह्यांच्या आमदारांनी या खेपेस पक्ष बाजूला ठेवून एकच संयुक्त प्रश्न मुख्यमंत्र्यांना विचारावा: यंदाच्या दिवाळीनंतर जव्हार, मोखाडा आणि विक्रमगड या तालुक्यांतून पाच वर्षांखालील किती मुले बाहेर गेली, ती आज कोणत्या भट्टीवर आहेत, आणि त्यांच्यासाठी शासनाचा कोणता एक अधिकारी जबाबदार आहे, त्याचे पदनाम सभागृहाला सांगावे.